अर्धा गुण

पेपर तपासणीच्या पहिल्याच दिवशी तिनं घोळ घातला. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि दारातच एक पाठमोरा माणूस उभा. मागून तिला पिकलेले केस तेवढे दिसले.

"काका, जरा सरकता का?"

माणूस वळला. चेहरा फार तर चौतिशीचा! वर कळलं की हाच आपला नियामक, तिनं तपासलेला पेपर पुन्हा बघून हिरव्या पेनानं सही करणारा. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सरकलो," तो म्हणाला. "चष्मा सांभाळा, पडेल."

तेव्हापासून त्याची काळजी काही थांबेना. ती शिंकली की गरम पाणी. डबा उघडायला उशीर झाला की, "पेपर पळून जात नाहीत, आधी जेवा." तिला काही उमगेना. हा माणूस आपण काका म्हटलं म्हणून लेकीसारखं जपतोय, की... 'की'च्या पुढं विचार गेला, की गुणांची बेरीज चुकायची. आणि आज तर शेवटचा दिवस. उद्या तो त्याच्या शाळेत, ती तिच्या. विचारायचं तरी कसं?

दुपारी एक पेपर हाती आला. प्रश्न नेहमीचाच होता: कादंबरीतला घड्याळजी आणि शेजारची शिवणकाम करणारी मुलगी यांची मैत्री स्पष्ट करा, गुण पाच. नमुना उत्तरातला शब्दही ठरलेला, पितृतुल्य. पण इथं कुणा विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, 'घड्याळजी म्हातारा आहे असं पुस्तकात कुठंच नाही. ते आपणच ठरवलं. त्याचं तिच्यावर प्रेम आहे.'

तिनं पाच वर्षं ही कादंबरी शिकवली होती, आणि दर वर्षी फळ्यावर 'म्हातारा' असंच लिहिलं होतं. तिनं पाचपैकी पाच देऊन टाकले.

"मॅडम, हे काय?" तो खुर्ची ओढून समोर बसला. "घड्याळजी तिला छत्री देतो, जेवलीस का विचारतो, उशीर झाला की रागावतो. बापच करतो हे सगळं."

"बापही करतो," ती म्हणाली. "पण रागावून झाल्यावर बाप तीन-तीनदा वळून बघत नाही."

त्याच्या हातातून पेनाचं टोपण निसटलं. ते उचलायला दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.

"मग तो बोलत का नाही?" तिनं हळूच विचारलं.

"घाबरतो. पहिल्याच दिवशी तिनं ज्या नात्यानं हाक मारली... ते मोडलं, तर ती बोलायचीच बंद होईल."

"हे कुठल्या पानावर आहे?"

"पान... आठवत नाही." त्याचे कान लालबुंद झाले होते. मान खाली घालून त्यानं तिचे पाच खोडले, साडेचार लिहिले आणि पेपर तिच्यापुढं ठेवला.

"अर्धा का कापलात?"

"उत्तर अपुरं आहे. घड्याळजीच्या मनातलं सगळं लिहिलंय. तिच्या मनात काय आहे, ते कुठंच नाही."

आजूबाजूला गठ्ठे बांधायची घाई चालली होती. तिनं उत्तरपत्रिका पुन्हा त्याच्याकडे सरकवली. आता तिचा गोंधळ उरला नव्हता.

"द्या तो अर्धा परत," ती म्हणाली. "तिच्याही मनात तेच आहे."