सहापैकी पाच

"अहो, ही गाडी मधे कुठं थांबते का?"

त्याचं मला उद्देशून पहिलं वाक्य हे. प्रेमकथेत शोभणारं नाही, पण झालं तसंच लिहितेय.

मला वाटलं, कुणीतरी वेडा. रविवारची सकाळ, शनिपाराजवळच्या एका शाळेचा वर्ग, पुढ्यात सराव परीक्षेचा पेपर, आणि हा माणूस गाडीचं विचारतोय. मग त्यानं पेनाच्या टोकानं खाली दाखवलं. माझा उजवा पाय बाकाखाली थडथड हलत होता. बाक दोघांत एक. त्याच्या कागदावरच्या ओळी पार वाकड्या झालेल्या.

"थांबत नाही," मी म्हटलं. "उतरायचं असेल तर पुढचं बाक रिकामं आहे."

तो उतरला नाही.

•

नाही, आधी मी कोण ते सांगायला हवं होतं. घाई होते माझी.

विजयमाला. वय एकवीस. घर लोणी काळभोरला. मंडईच्या मागं बियाण्यांच्या एका कंपनीत टायपिस्ट, हंगामी. बारावी कॉमर्स बाहेरून. दोनदा बसले, बाकीचे विषय सुटले, एक अडकला. चिटणिसाची कार्यपद्धती. मार्चमध्ये तिसरी खेप. साहेब म्हणाले होते, जूनमध्ये पास झाल्याचा कागद आणा, कायम करतो. नाहीतर जुलैपासून दुसरी मुलगी येईल.

एवढंच. आणि एवढ्यानंच पाय हलायचा.

साल अठ्ठ्याऐंशी, डिसेंबर.

•

वर्ग आनंदी टीचरांचा. निवृत्त शिक्षिका. बाहेरून बसणाऱ्यांची सराव परीक्षा कोण घेणार, म्हणून त्या दर रविवारी घ्यायच्या. पहिल्याच दिवशी दारात उभं राहून त्यांनी सांगितलं:

"तीन तास उठायचं नाही. पाणी घरून पिऊन यायचं. पेपर संपला की शेजाऱ्याशी बदलायचा आणि फळ्यावरच्या उत्तरांशी ताडून लाल पेननं तपासायचा. शेवटच्या पानावर लिहायचं, गुण कुठं गेले आणि का गेले. दोन महिन्यांनी तोच पेपर पुन्हा. रोज नवा पेपर सोडवून कोणी हुशार होत नाही, रद्दीवाला तेवढा खूश होतो."

माझ्या कॉटखाली सोडवलेले सव्वीस पेपर होते. एकही उघडून परत पाहिला नव्हता. मी मान खाली घातली.

•

त्यानं माझा पेपर तपासला. मध्येच खुदकन हसला.

"काय झालं?"

"भागधारकाला लाभांश कळवणारं पत्र लिहा. तुम्ही लिहिलंय — 'लाभांश मंजूर झाला आहे. चेक पोस्टाने येईल. चौकशीसाठी कार्यालयात येऊ नये.'"

"बरोबरच आहे. रोज अशीच टाइप करते मी."

"संदर्भ क्रमांक?"

"आमच्याकडे घालत नाहीत."

"विषय?"

"वाचल्यावर कळतो."

"कंपनीचं नाव, पत्ता?"

"तो लेटरहेडवर छापलेलाच असतो ना!"

"बाई, बोर्ड लेटरहेड देत नाही." त्यानं समासात दोन आकडा काढला. सहापैकी दोन.

म्हणजे — दोन वर्षं मी कशात नापास होत होते ते मला त्या क्षणी कळलं. मला पत्र येत नव्हतं असं नाही. मला ऑफिसचं पत्र येत होतं.

"बाई कुणाला म्हणता?" मी चिडून विचारलं.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. राहता कुठं तुम्ही?"

"येरवडा."

"आत की बाहेर?"

"सध्या बाहेर. तुम्ही आणखी दोन रविवार बाक हलवलंत तर आत."

नाव मच्छिंद्र. वय तेवीस. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात छापलेली पानं जुळवायचं काम. बोटांच्या पेरांत कायम शाई.

•

समासातलं. (लाल अक्षर, कधी माझं, कधी त्याचं.)

*फरक लिहा म्हटलंय. कादंबरी नाही. ८ पैकी ३.* — मी.

*कोणतेही चार लिहा, असा प्रश्न आहे. तुम्ही सहाही लिहिले. उरलेल्या दोन उत्तरांचे गुण कोण देणार, मी?* — तो.

*तारीख नाही. अर्धा गेला.* — मी.

*आज पाय फक्त चाळीस मिनिटं हलला. नोंद घेतली आहे.* — तो.

*पेपर तपासा, पाय नको.* — मी.

*दोन्ही एकाच बाकावर आहेत.* — तो.

•

जानेवारी. पेपर सुटला की आम्ही मंडईपर्यंत चालत जायचो. थंडीत कोथिंबिरीचा ओला वास… पेरूंचे ढीग… तो पेरू घ्यायचा, मीठ लावून घ्यायचा, अर्धा मला द्यायचा. मोठा अर्धा. मी पाहिलं होतं, पण पाहिलं नाही असं दाखवत होते.

"एक्केचाळीस झाले तुम्हाला," तो म्हणायचा.

पुढच्या रविवारी अठ्ठेचाळीस. मग पंचावन्न. मग एकसष्ट!

एकसष्ट पाहिले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांना जाऊन सांगून आले, या वेळी नक्की. रात्री गाढ झोपले. सकाळी बसमध्ये बसले आणि लक्षात आलं — पाय हलत नाहीये.

मला वाटलं, हा पेपरचा परिणाम.

नाही. खोडते. मला वाटलं, हा त्याचा परिणाम.

•

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. डिसेंबरातला पेपर पुन्हा सोडवला. परत जाताना बसमध्ये जागा मिळाली, म्हणून दोन्ही उत्तरपत्रिका मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. सहज.

डिसेंबरातलं पत्र. संदर्भ नाही, विषय नाही, पत्ता नाही. सहापैकी दोन.

फेब्रुवारीतलं पत्र. संदर्भ नाही. विषय नाही. पत्ता नाही. तेच पत्र. घाईत हात पुन्हा ऑफिसचंच लिहून गेला होता.

सहापैकी पाच.

तेच लाल पेन. तेच अक्षर.

मी हडपसरला उतरले. रस्ता ओलांडून पुण्याकडची बस पकडायची म्हणून. मग उभी राहिले. जाऊ कुठं? येरवडा एवढंच ठाऊक, आणि येरवडा केवढं! पुन्हा लोणीची बस. पाय सुरू झाला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का गं?" मी उत्तरपत्रिका घडी घालून पिशवीत टाकल्या. परीक्षेला नऊ दिवस होते.

•

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत छापखाना. यंत्राचा खडखडाट. मी दोन्ही पत्रं त्याच्यासमोर धरली; फेब्रुवारीतले चारही पेपर पिशवीत होते.

"हे काय आहे?"

"पाच."

"कशाचे?"

तो हात पुसत राहिला. पुसून झाले तरी.

"मांडणी बरी होती, म्हणून —"

"डिसेंबरात हीच मांडणी होती. दोन दिले होतेत."

"डिसेंबरात मी तुम्हाला ओळखत नव्हतो."

यंत्र खडखडत होतं. मला ओरडावं लागत होतं, आणि ओरडायचंच होतं.

"एकसष्ट? ते पण असेच?"

"लाल पेन टेकवलं की तुमचा चेहरा उतरतो. शेजारीच बसलेल्या असता… अर्धा वाढवला. मग एक. वाटलं, हिंमत येईल तुम्हाला."

"मला हिंमत नको होती! मला आकडा हवा होता. खरा. साहेबांना सांगून बसलेय मी. माझा पाय थांबला होता, मच्छिंद्र… खोट्यावर थांबला होता!"

त्यानं हातातलं फडकं गठ्ठ्यावर टाकलं.

"मी तुमचा एक गुण सोडला नाही. तारखेचा अर्धासुद्धा. का, तर तुम्ही मला आवडत नव्हता म्हणून?"

हे मी ठरवून बोलले नाही. बोलून गेले. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी यंत्र बंद केलं.

कोपऱ्यात कागद मोजणाऱ्या म्हाताऱ्यानं आमच्याकडे पाठ केली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.

•

"द्या," मच्छिंद्र म्हणाला. "चारही द्या."

कागदाच्या गठ्ठ्यावर बसून त्यानं चारही पेपर नव्यानं तपासले. वर बघितलं नाही. खोडत गेला. इथं अर्धा, तिथं दोन, पत्रांतून तीन तीन. माझी सुट्टी कधीच संपली होती.

"शेवटचा किती?" मी विचारलं.

"एकतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे… पस्तीसला पास असतं."

"नीट सांग."

त्यानं मान वर केली. "नापास आहेस तू."

तू म्हणाला. मीच आधी म्हटलं होतं, तेव्हा तक्रार कशी करणार! डोळ्यांत पाणी येत होतं आणि हसूही. आयुष्यात असं विचित्र कधी वाटलं नव्हतं. नापास झाले होते आणि कुणीतरी माझ्या बाजूचं होतं.

"चार कमी पडतात," तो म्हणाला.

"पेपरात पत्रं तीन येतात. प्रत्येकात मी चार सांडते."

"बारा."

"बारा!"

"मग नवे पेपर नकोत. आठ दिवस नुसती पत्रं. आणि —" तो थांबला. "मी तपासणार नाही. माझा हात आता त्या कामाचा राहिला नाही. टीचरांना दे."

"आणि तू?"

"मी लांब बसतो."

•

टीचरांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय हो, शेजारी बदलून हवाय? भांडण?"

"नाही, टीचर."

"मग उलट असणार. असे तपासनीस दर वर्षी दोन-तीन बाद होतात." त्यांनी माझं पत्र घेतलं. "विषय नाही. एक गेला. पुन्हा लिहा."

सोमवारी तीन पत्रं. मंगळवारी चार. रोज ऑफिस सुटलं की टीचरांच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आधी नाव, पत्ता, क्रमांक, तारीख, विषय, मजकूर नंतर. गुरुवारी तारीख राहिली, तर त्यांनी आख्खा कागद परत दिला. शुक्रवारी काही राहिलं नाही. शनिवारी पुन्हा विषय राहिला — मी रडले. "रडून झालं की लिहा," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला उठल्या.

शेवटच्या रविवारी तो तिसऱ्या रांगेत, मी पहिल्या. मागं वळायचं नाही असं ठरवलं होतं. तीन तासांत पाच वेळा वळले. चार वेळा तो लिहीत होता. पाचव्यांदा मात्र…

नको. ते माझ्याकडेच राहू दे.

टीचरांनी त्या दिवशी एकोणचाळीस दिले. "खरे आहेत," त्या म्हणाल्या. "माझं तुमच्यावर प्रेम नाही."

•

मार्च गेला. पेपर दिला. एप्रिल. मे. हे तीन महिने कसे गेले ते लिहून होणार नाही; केंद्रं वेगळी, घरी फोन नाही, रविवारचा वर्ग बंद. मंडईत दोनदा दिसला. दोन्ही वेळा आम्ही निकालाबद्दल बोललो नाही आणि दुसरं काही सुचलं नाही.

जूनमध्ये निकाल. सकाळी केंद्रावरून गुणपत्रिका घेतली आणि सरळ घरची बस धरली. कागद घेऊन आतल्या खोलीत बसले. आई, मथुराबाई, अंगणात कांदे निवडत होती.

दुपारी तिचा आवाज आला. "कोन हाय तुमी?"

"मच्छिंद्र. पुण्याहून आलोय."

मी उठले. आणि तिथंच उभी राहिले.

"काय काम काढलं?"

"विजयमालेचा… तिचा पेपर मी तपासला होता. सरावाचा. नापास केलं होतं तिला."

कांद्यांचा आवाज थांबला.

"मंग आता?"

"पास झाली का, ते विचारायला आलो."

"एवढ्या लांब? नापास करनारा मानूस?"

"हो."

मी बाहेर आले. घामानं भिजलेला शर्ट, धुळीनं माखलेले बूट — रस्ता चुकून कालव्यापर्यंत जाऊन आला होता, ते नंतर कळलं. मी आकडा सांगितला नाही. कागदच त्याच्या हातात दिला.

त्यानं वरपासून वाचला. बैठक क्रमांक, नाव, विषय. मग ती ओळ. त्रेचाळीस. पुन्हा वरपासून वाचला.

"खरे आहेत?" त्यानं हळूच विचारलं.

"बोर्डाचे आहेत. बोर्ड माझ्या शेजारी बसत नाही."

तो हसायला लागला, आणि हसता हसता खाली पायरीवरच बसला. त्याला अडुसष्ट होते. ते त्यानं सांगितलंसुद्धा नाही. मीच विचारलं तेव्हा कळलं.

आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. तिनं पदराला हात पुसले. "परत कवा जायचं म्हनता?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"शेवटची बस नऊला हाय," मी म्हटलं. पुण्यात इतकी वर्षं जपून बोलले होते, पण त्या वेळी घरचंच निघालं तोंडातून. "जेवून जा."