उजवीकडून पहिलं पान

नूरमोहम्मदचाचा तीन वाजता यायचे, म्हणून मनकर्णेनं पावणेतीनलाच चटई झटकून अंथरली. एका बाजूला चाचांसाठी तक्क्या, दुसऱ्या बाजूला स्वतःसाठी उतरतं मेज. मेजावर कोरे ताव, दौत, टाक. मधे वडिलांच्या, काकासाहेबांच्या, शेवटच्या गोष्टीची अकरा सुटी पानं, आणि ती उडू नयेत म्हणून वर त्यांचाच पितळी अडकित्ता.

काकासाहेबांना जाऊन सोळा दिवस झाले होते.

ते औरंगाबादच्या कचेरीत पेशकार होते. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली, दारावरच्या पाट्या बदलल्या. काकासाहेबांचा हात तेवढा बदलला नाही. ते बोलायचे मराठी, गोष्टी रचायचे मराठीत, आणि उतरवायचे मात्र उर्दू लिपीत. दिवाळी अंकांकडे त्यांच्या गूढकथा जायच्या त्या मनकर्णेच्या अक्षरात. ते एकेक पान वाचत, ती देवनागरीत उतरवून घेई. त्यासाठी ते पान बेतानं लिहीत. एक पान म्हणजे एक दम. वाक्य कधी पुढच्या पानावर सांडायचं नाही.

ती बारा वर्षांची असताना त्यांनी तिला आपल्या धंद्याचं गुपित सांगितलं होतं. "गोष्टीतला 'मी' पहिल्याच वाक्यात खोटं बोलतो, मने. ते खोटं सापडलं की आधी हसू येतं, मग भीती वाटते. आधी भीती वाटली तर लिहिणारा कच्चा." प्रत्येक गोष्टीत ते एक थट्टा दडवून ठेवत आणि वाचताना नेमके तिथं खोकत. तिला ती सापडली की दोघं हसायचे. संपादकांना त्यांतली एकही कधी सापडली नाही. "काळजाचा थरकाप उडाला," असं त्यांचं पत्र आलं की काकासाहेब ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवत.

पुढे मनकर्णा नाशिकच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. मग हे काम फक्त सुट्टीत व्हायचं.

तार आली त्या सोमवारी ती सकाळीच निघाली. मनमाडला गाडी बदलली. ती दुसरी गाडी लासूर स्टेशनवर तीन तास अडकली. ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि वडिलांच्या तोंडावर पांढरं कापड होतं. शेवटी ते काय बोलले, कोणाची आठवण काढली, कोणाला धड सांगता येईना. त्यांचा स्वयंपाक करणारी सरूबाई म्हणाली, "तुमी आल्यावरच डोळे मिटले की त्यांनी." उशिरा आलेल्या लेकीला लोक असं काहीतरी सांगतात. मनकर्णेनं ते सोडून दिलं.

आषाढ संपायच्या आत गोष्ट हवी, असं संपादकांचं पत्र आलं होतं. पण ती संपादकांसाठी बसलेली नव्हती. ही पानं काकासाहेबांनी शेवटच्या आठवड्यात लिहिली होती. आपल्यासाठी एखादा शब्द कुठं असलाच तर तो इथं असेल, हे तिला कळत होतं, आणि तिला तो वाचता येत नव्हता. म्हणून तिनं नूरमोहम्मदचाचांना बोलावलं होतं; ते उर्दू अखबाराचे जुने कातिब, हातानं मजकूर उतरवून देणारे.

वहीचा दोरा कुजून पानं सुटली होती. तिनं ती नीट लावली आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा घातला. शाळेतली दुतोंडी पेन्सिल पर्समध्ये होती, एका टोकाला तांबडी, दुसऱ्या टोकाला निळी. निघायच्या आदल्या रविवारी तिनं दोन्ही टोकं तासून ठेवली होती. तांबडं चुकांसाठी असतं, म्हणून तिनं निळ्यानं आकडे घातले. वरचं पान तेवढं निळ्या पेन्सिलीनंच लिहिलेलं होतं. बाकीची दहा काळ्या शाईत. दौत वाळली असेल, असं तिनं धरलं.

चाचा आले. खोकत जिना चढले, चष्मा पुसला, पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"तुझा बाप पेशकार कशाला झाला? हकीम व्हायचा. हकीमाचं अक्षर आहे."

"चाचा, वाचा ना."

चाचा वाचू लागले. "मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरले."

मनकर्णेचा टाक थांबला. "उतरलो?"

"उतरले. साफ लिहिलंय."

तीस वर्षांत काकासाहेबांच्या गोष्टीत बाईचा 'मी' कधी आला नव्हता. ती लिहू लागली. कोणी एक बाई कुणाच्या तरी घरातून निघते. आत एक म्हातारा निजलेला आहे. तिनं त्याच्या तोंडावर कापड ओढलं आहे. ज्या पेल्यानं त्याला पाणी पाजलं तो धुऊन खिडकीत पालथा घातला आहे. ती गल्लीच्या टोकापर्यंत जाते. तिथं अंबरी नहरीच्या जुन्या पाणीवाटेचा दगडी खांब आहे. त्याला ती कान लावते आणि आत पाणी चढताना ऐकते.

"हे पहिलंच पान ना, चाचा?"

चाचांनी कोपरा पाहिला. "एक लिहिलंय. दिलेल्या कागदावर कातिबानं अक्कल चालवायची नसते, बेटी. चाळीस साल अखबार हातानं लिहिला. मक्खी पे मक्खी मारली, म्हणून नोकरी टिकली."

त्या दिवशी चार पानं झाली. गोष्ट पुढे सरकायच्या ऐवजी मागे मागे जात होती. दुसऱ्या पानात म्हातारा मेलेला होता, चौथ्यात त्याचा श्वास चालू झाला. वडिलांची ही नवी तऱ्हा असेल, असं तिला वाटलं. चाचा गेल्यावर तिनं खिडकीत पाहिलं. पेला पालथा होता. तो सरूबाईनंही घातला असेल.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण वारा पडलेला. चाचा घाम पुसत वाचत होते. आता ती बाई खाटेशी बसली होती. म्हाताऱ्याच्या उशाखाली अडकित्ता होता. पायाच्या अंगठ्याला चुना लावलेला होता. मनकर्णेनं अडकित्त्याकडे पाहिलं नाही.

"म्हाताऱ्यानं डोळे उघडले," चाचा वाचत होते. "मला म्हणाला, आलीस? बरं झालं. आता सगळ्यांना सांग, उशीर झाला म्हणून. वेळेवर आलेल्याला लोक कामाला लावतात, उशिरा आलेल्याला जवळ घेतात." आणि चाचा खोकले.

"इथं का खोकलात?"

"आता खोकला काय इजाजत घेऊन येतो?"

"पण इथंच का?"

चाचांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बेटी, तू दोन दिवस जेवलीस का काही?"

ती उठून पाणी प्यायली. ते वाक्य तिनं लिहून घेतलं होतं. तिचंच अक्षर होतं, तरी ते तिला वाचवेना.

तिसऱ्या दिवशी तीन पानं उरली. नववं, दहावं झालं. बाई टांग्यातून उतरली, जिना चढली, म्हातारा अजून बोलत होता, विडा मागत होता. मग चाचांनी अकरावं हातात घेतलं.

"माझी गाडी लासूर स्टेशनवर तीन तास अडकली."

मनकर्णेनं टाक खाली ठेवला.

"चाचा, पुरे."

"अजून आहे पान."

"हे तुम्ही जोडलंत. मी अठरा दिवस ज्याला त्याला लासूरचं सांगतेय. तुम्हीही ऐकलंत. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे सगळं रचलंत. ती बाई, तो पेला, सगळं."

चाचांनी पान अडकित्त्याखाली सरकवलं. चष्म्याची काडी घडी केली.

"मला रचता आलं असतं तर मी कातिब झालो असतो का?" ते म्हणाले. "फहमिदाकडे ने. ती उर्दू शाळेत शिकवते. तिला तुझं लासूर माहीत नाही. उद्या चार वाजता ये."

चेलीपुऱ्यात चाचांच्या घरी त्यांची नात फहमिदा वह्या तपासत बसली होती. चाचा कोपऱ्यात तोंड फिरवून बसले. मनकर्णेनं पानं पुढे केली आणि फक्त एवढंच म्हणाली, "वाचून दाखवशील?"

फहमिदानं वरचं पान पाहिलं, खालचं पाहिलं. मग ती हसली.

"आपा, नंबर कोणी घातले?"

"मी."

"डावीकडून घातलेत. उर्दूची वही उजवीकडून उघडते. तुमचं अकरावं पान म्हणजे पहिलं. दादाजान, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं," चाचा भिंतीकडे बघत म्हणाले. "वाटलं, काकासाहेबांचीच काहीतरी शरारत असेल. त्यांचं काही सांगता येत नाही."

मनकर्णेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर वडिलांसमोर बसून लिहिलं, आणि वही कुठून उघडतात हे ती विसरली होती. फहमिदानं पानं उलटी लावली आणि वाचायला सुरुवात केली.

"माझी गाडी लासूर स्टेशनवर तीन तास अडकली. लिंबाखालच्या बाकाची एक फळी तुटलेली होती. उरलेल्या दोनांवर मी बसले."

फळीचं मनकर्णेनं कोणालाही सांगितलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं की हे आता पहिलं वाक्य आहे. पहिल्याच वाक्यात खोटं. तिला हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. फहमिदा थांबली, तीही उगीच हसली. मनकर्णेला वडील समोर बसलेले दिसले, खोकला दाबत, ती थट्टा कधी शोधते याची वाट बघत.

हसू ओसरलं.

फहमिदा पुढे वाचत गेली. आता सगळं सरळ चाललं होतं. बाई आली, बसली, पाणी पाजलं. "वेळेवर आलेल्याला लोक कामाला लावतात, उशिरा आलेल्याला जवळ घेतात," फहमिदानं वाचलं, आणि तिला ठसका लागला. ती पाणी प्यायला आत गेली.

चाचांनी वळून मनकर्णेकडे पाहिलं.

शेवटी निळ्या पेन्सिलीचं पान आलं. ते वाचून झाल्यावर चाचा उठून जवळ आले. त्यांनी ते पान हातात घेऊन उजेडाकडे तिरपं धरलं.

"हे मी तुला पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. दहा पानं त्यांची आहेत. हे नाही."

"आजारपणात हात बदलतो, चाचा."

"हात थकतो. दिशा बदलत नाही." त्यांनी एका ओळीवर नख ठेवलं. "पेन्सिल जिथं टेकते तिथं दाब असतो, जिथं सुटते तिथं फिकी होते. हे बघ. प्रत्येक अक्षर डावीकडून उजवीकडे ओढलंय. उर्दू लिहिणारा असं कधी करत नाही. हे मराठी लिहिणाऱ्याचं आहे. समोर बसून, बघून बघून हात शिकलेल्याचं."

"कोणाचं?"

"कातिब हात ओळखतो, बेटी. नाव सांगत नाही."

पानं पदराखाली धरून ती घरी आली. सरूबाई ओट्यावर मेथी निवडत होती.

"सरूबाई, त्या सोमवारी मी कधी आले?"

"आता हे काय इचारता?"

"सांगा ना."

"दुपारी की वो. मी पानी भराया गेलते. आले तर तुमी खाटेपाशी बसलेल्या. काकासाहेब हसत व्हते. मी म्हनलं, बापलेकीत कशाला बसावं, चुलीकडं गेले. मंग पाहते तर तुमी नाय, आन् ते गेलेले. तोंडावर कापड घातलेलं."

"आणि संध्याकाळी?"

सरूबाईनं काडी खाली ठेवली. "संध्याकाळी रडत जिना चढलात. म्हनल्या, आत्ताच आले, गाडी अडकली. मी कायच बोलले नाय. लई दुःख झालं की मानसाला असं व्हतंय, बाई."

"मला पाहिलंत तुम्ही? दुपारी? माझं तोंड?"

"तोंड कशाला पाहू? तुमचाच आवाज व्हता. लिवत बसल्या व्हत्या खाली मान घालून."

मनकर्णा आत आली. चटई तशीच अंथरलेली होती.

तिनं लासूर आठवायचा प्रयत्न केला. लिंब आठवला. फळी आठवली. तिथं आणखी कोण होतं, ऊन कुठल्या बाजूला होतं, तहान लागली तेव्हा पाणी कुठं प्यायली, ते काहीच आठवेना. खाटेचा काथ्या मात्र मांडीला रुतत होता, तो आठवला. पण या एवढ्या दिवसांत ती त्या खाटेवर कितीदा तरी बसली होती.

ती मेजाशी बसली. गोष्ट सुवाच्य उतरवून उद्याच्या टपालानं पाठवायची होती. कोऱ्या तावाच्या कोपऱ्यात आकडा घालायला तिनं पर्स उघडली आणि पेन्सिल काढली.

तांबडं टोक रविवारी तासलं होतं तसंच होतं, सुईसारखं.

निळ्यानं तिनं फक्त अकरा आकडे घातले होते.

निळं टोक लाकडापर्यंत झिजलेलं होतं.