पंखावरचे टाके

"हे धरा. काहीही झालं तरी सोडू नका."

कोण म्हणालं, ते बघायला हर्षिताला डोळेही उघडता येत नव्हते. नाकातोंडात, पापण्यांत नुसती माती भरली होती. हाताला दोर लागला, एवढंच तिला कळलं. दोराच्या दुसऱ्या टोकाला दोन माणसांचं एक इवलंसं विमान होतं, आणि ते दावं तोडायला निघालेल्या गोऱ्ह्यासारखं उसळत होतं. मग गारा सुरू झाल्या... पाठीवर, डोक्यावर, विमानाच्या कापडी पंखावर. त्या आवाजात तिची स्वतःची किंकाळीही तिला ऐकू आली नाही.

तेवढ्यात मागे मंडप फुगला. एक क्षण तसाच फुगून राहिला, आणि पुढच्या क्षणी खांबांसकट उठला. कुणीतरी तिला खाली ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात आडवा धरला. अगदी कानापाशी कापड फाटल्याचा लांबलचक आवाज झाला. आपण आता मरणार, असं तिला अगदी साधेपणाने वाटलं.

मरायचं काही झालं नाही. वादळ आलं तसं अवदसेसारखं निघूनही गेलं, आणि धुळ्याबाहेरच्या त्या धावपट्टीवर वैशाखातलं ऊन पुन्हा निर्लज्जपणे पडलं.

"आता सोडलंत तरी चालेल," तोच आवाज म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात ना, काहीही झालं तरी..."

"हो, पण तो दोर नाही. माझा हात आहे."

हर्षिताने पाहिलं. मातीने माखलेला चेहरा, गारेने फुटलेला ओठ, आणि त्यातही हसू. तिने हात झटकन सोडला. कान मात्र बराच वेळ गरम राहिले.

त्याचं नाव बादल पावरा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीतला हा मुलगा छोटी विमानं चालवायला शिकला होता आणि आता एका संस्थेत इतरांना शिकवत होता. छोट्या विमानांच्या या मेळाव्यात तो संस्थेचं विमान घेऊन आला होता. धुळ्याचा कार्यक्रम आटोपून सगळी विमानं जळगावला जायची होती. आता कसलं जळगाव? कुणाची शेपटी वाकली होती, कुणाच्या काचा फुटल्या होत्या. बादलच्या विमानाचा उजवा पंख तर मंडपाच्या खांबाने टराटरा फाटला होता.

आणि मंडप हर्षिताच्या घरचा होता.

तिच्या वडिलांचा, फुलचंदशेठचा, मंडपाचा धंदा धुळ्यात सगळ्यांना माहीत. ते नरडाण्याच्या लग्नात अडकले होते, म्हणून इथलं काम लेक बघत होती. वैशाखात दुपारी झळा लागतात, म्हणून मंडपाची पश्चिमेची कनात बांधून घेतात, आणि दुपार कलली की आठवणीने सोडतात, कारण वावधन, म्हणजे वादळवारं, येतं ते तिकडूनच. मंडपवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही हे विसरत नाही. हर्षिता विसरली होती.

तिने ते बादलला तिथेच, चिखलात उभं राहून सांगितलं. मनात ठेवायचा तिचा स्वभावच नव्हता.

"का विसरलात?"

"विमानं बघत होते."

"कुठलं?"

त्याचंच विमान ती बघत होती. तो उतरताना दर वेळी पंखावरून मायेने हात फिरवायचा, ते बघत होती. पण हे काय सांगायचं असतं?

"मग शिवून द्या," तो म्हणाला. थट्टाच होती ती. पण विमानांची तपासणी करणाऱ्या इंजिनीअर हेमलताताईंनी मान वर केली. त्या पंखाचं कापड खरोखर शिवायचंच असतं. ते कापड आणि तो दोरा पुण्याहून मागवता येईल, पण जाड कापडाचं मोठं मशीन इथे कुणाकडे आहे?

मंडपवाल्याकडे नाही तर कुणाकडे असणार?

मशीनवर बसायचे ते त्यांचे जुने कारागीर कौतिकभाऊ. पण खांब त्यांच्या हातावर पडला होता आणि हात प्लास्टरमध्ये होता. लहानपणापासून त्यांच्याजवळ बसून झालरी शिवलेली एकच व्यक्ती घरात होती.

"भाऊ, मला नाही जमणार. ही झालर नाहीये. यावर माणूस बसून उडणारे."

"भिऊ नको, बेटा," कौतिकभाऊ म्हणाले. "तुना हात मना हातपेक्षा साफ शे."

पुढचे दिवस गोदामात मशीनची घरघर चालू राहिली. हेमलताताई खुणा करून देत, हर्षिता शिवी, आणि बादल कापडाचं टोक उचलून धरी. एकेक टाका ती पुन्हा पुन्हा तपासून बघे. एक शिवण तर तिने तीनदा उसवली.

"इतक्या घाबरता?" त्याने विचारलं.

"तुम्ही नाही घाबरत?"

"आमच्याकडे भीतीचं खातं आई सांभाळते. मी उडतो, तेव्हा ती दार लावून घरात बसते. म्हणते, वर बघितलं की पाय गळतात." तो हसला. "त्यामुळे मला घाबरायची वेळच येत नाही."

हर्षिताला हसू आलं नाही. दाराआडच्या त्या बाईजवळ जाऊन बसावं, असं मात्र तिला फार वाटलं.

टाका किती ताण सोसतो ते बघायला हेमलताताईंनी त्यात आकडा अडकवून वजनकाट्याने ओढून पाहिलं. इथे ओढलं, तिथे ओढलं. शेवटी म्हणाल्या, "चांगलं आहे. उद्या उडवून बघू."

हर्षिताला रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी धावपट्टीवर मोजकीच माणसं होती. फुलचंदशेठही लेकीसोबत आले होते. बादलने शिरस्त्राण घातलं. आता सांगावं, असं हर्षिताच्या मनात आलं... काय सांगायचं, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. पण ओठांवर आलं ते भलतंच.

"उजवीकडे जास्त वळू नका."

"बरं," तो म्हणाला. क्षणभर थांबला, आणखी काही येईल म्हणून. आलं नाही.

विमान पळालं आणि उचललं गेलं. ती वर बघत राहिली. जीव मुठीत धरणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. उंच गेल्यावर ते कडुनिंबाच्या पानाएवढं झालं आणि उजवीकडे कललं. तिच्या शिवणीकडेच. एकदम इंजिनाचा आवाज बसला. तिने पप्पांचा दंड इतका घट्ट आवळला की ते कळवळले.

"उतरायला इंजिन मंद करतात," हेमलताताई म्हणाल्या. "घाबरू नकोस."

चाकं जमिनीला लागली, तेव्हा ती धावपट्टीच्या कडेला फतकल मारून बसली होती आणि रडत होती. तो धावत आला.

"अहो, काय झालं? टाके मस्त आहेत..."

"टाके गेले खड्ड्यात," हर्षिता म्हणाली. वडील उभे होते, हेमलताताई उभ्या होत्या, त्याचं तिला आता काहीच वाटत नव्हतं. "तू वर होतास आणि मी इथे मरत होते. मला तू आवडतोस. त्या दिवशी तुझंच विमान बघत होते मी. आणि पुढेही मला असंच वर बघत बसायचंय, पाय गळाले तरी."

फुलचंदशेठ घसा खाकरून, एकाएकी महत्त्वाचं काही दिसल्यासारखे, दूरच्या बाभळीकडे बघायला लागले.

"आणखी एक फेरी हवी," हेमलताताईंनी जरा वेळाने हळूच आठवण करून दिली. "मग जळगावला जायला मोकळा."

बादल गेला, विमानात बसला. पट्टा बांधला. पण इंजिनाचा आवाज काही येईना. सगळे वाट बघत राहिले.

"काय झालं रे?" ताईंनी विचारलं.

त्याने हात वर करून दाखवला. लांबूनही दिसत होतं, हात थरथरत होता.

"असं कधी झालं नव्हतं," तो म्हणाला. "आत्ता... आत्ता पहिल्यांदाच वाटतंय, की पडलो तर?"

"मग उतर खाली. हात थांबेपर्यंत उडायचं नाही."

तो उतरला आणि पंखाच्या सावलीत येऊन बसला. हर्षिता उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिने तो थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आज नाही थांबला तर?" त्याने विचारलं.

"तर उद्या उड," ती म्हणाली. "मला घाई नाहीये."