हुंकारासाठी थांबलेला आवाज

आधीच सांगतो. पटलं नाही तर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस आहे, आणि थापा मारायच्या तर डोकं लागतं. ते त्याचं फक्त कॉम्प्युटरमध्ये चालतं.

भुतं म्हणे मध्यरात्री येतात, दारं वाजवतात, दिवे घालवतात.

इथे तसलं काही नव्हतं. रविवार होता. भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि खाली कुणीतरी नळी लावून गाडी धूत होतं.

आम्ही सगळे त्याला डॉक्टर म्हणतो. बंद पडलेले कॉम्प्युटर जिवंत करतो म्हणून. हात सोन्याचा, तोंड फटकळ. "बंद करून परत चालू केलंत का?" हे तो गिऱ्हाइकाला अशा काही थाटात विचारतो की बिचाऱ्याला जन्माला आल्याची लाज वाटावी.

त्या दुपारी त्याच्या ताईचा फोन आला.

"आत्ताच्या आत्ता ये. कॉम्प्युटर आत घेत नाहीये."

"ताई, आज रविवार. उद्या सकाळी..."

"भिंगरीनं कालपासून पाण्याला तोंड लावलेलं नाही."

डॉक्टर जेवणाच्या ताटावरून तसाच उठला.

भिंगरी म्हणजे ताईची मुलगी. सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बापानं ठेवलेलं नाव. तो बाप, म्हणजे डॉक्टरचे भावजी, पावसाळ्याच्या आधी गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. त्या दिवसापासून भिंगरी बोलायची थांबली. एक शब्द नाही. रडणंसुद्धा बिनआवाजाचं.

फक्त एक गोष्ट उरली होती.

भावजी प्रोग्रॅमर. लेकीसाठी त्यांनी आपल्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आणि गोष्ट सांगायची त्यांची एक रीत होती. ऐकणाऱ्यानं हुंकार दिल्याशिवाय ते पुढचं वाक्य बोलायचेच नाहीत. "एक होता हत्ती..." आणि थांबायचे. भिंगरी म्हणायची, "हं." मग पुढे. रेकॉर्डिंगमध्येही त्यांनी तेवढ्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या.

त्या मोकळ्या जागांत भिंगरी अजून "हं" म्हणायची. तेवढाच तिचा आवाज घरात उरला होता. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बजावलं होतं, "हा धागा तुटू देऊ नका. याच्यावरूनच ती परत येईल."

आणि आता कॉम्प्युटर उघडत नव्हता.

डॉक्टर खुर्चीत बसला. पासवर्ड टाकला.

'स्वागत आहे.'

क्षणभर पडदा उजळला... आणि लगेच, 'साइन आउट होत आहे.'

परत पासवर्ड. परत स्वागत. परत बाहेर. दारात बोलावून दारातूनच हाकलावं, तसं.

त्यानं ओळखलं काय झालंय ते. आठवड्यापूर्वी यानंच या मशीनमध्ये नवा अँटिव्हायरस टाकला होता. भावजींच्या आवाजाला काही होऊ नये म्हणून, स्वतःच्या खिशातून. त्या शहाण्या अँटिव्हायरसनं काल अपडेट घेतलं आणि आत शिरायला लागणारी एक फाईलच व्हायरस समजून उचलली होती. घरच्या माणसालाच चोर ठरवून बांधून ठेवायचं, अशी तऱ्हा.

त्यानं आणखी एकदा पासवर्ड टाकला.

'स्वागत आहे.'

स्पीकरमधून... श्वास आला.

बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस घेतो, तसा. भरून घेतलेला. आणि तुटलेला.

"ऐकलंस?" ताई दारातून म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"करंट असतो स्पीकरमध्ये. घाबरतेस काय?"

"डॉक्टर, मी त्या माणसाबरोबर दहा वर्षं संसार केलाय. त्याचा श्वास मला ओळखू येत नाही होय?"

भिंगरी स्टुलावर येऊन बसली होती. ती मामाकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती.

मग त्यानं आपला ठेवणीतला पेन ड्राइव्ह काढला. मशीन स्वतःच्या बळावर उठत नसलं की त्यावरून उठवायचं. लावायला जागा नव्हती म्हणून स्पीकरची यूएसबी वायर उपटली आणि तिथे तो खोचला. मशीन उठलं. डिस्क दिसली. डॉक्टरच्या जिवात जीव आला.

अँटिव्हायरसला ज्याचा संशय येतो ते तो लगेच मारत नाही, एका कोठडीत कोंडतो. डॉक्टरनं ती कोठडी उघडली. आत बऱ्याच फायली होत्या. अँटिव्हायरस आत टाकताना नावं बदलतो, त्यामुळे नुसते आकडे आणि अक्षरं. काही समजायला मार्ग नाही.

आता, दुरुस्तीवाल्यांचा हात एका गोष्टीला सरावलेला असतो. कोठडी दिसली की आधी झाडून घ्यायची. आतलंच काहीतरी सुटतं आणि पुन्हा लागण होते, हे त्यांनी हजारदा भोगलेलं असतं. बघत बसायचं नाही. सगळं निवडायचं, कायमचं पुसायचं, अँटिव्हायरस उपटून फेकायचा, गेलेल्या फाईलच्या जागी आपल्याजवळची नवी टाकायची. काम फत्ते.

त्यानं तेच केलं. हात धुतल्यासारखं.

"झालं ताई. सांग, गोष्टी कुठल्या फोल्डरमध्ये आहेत?"

"फोल्डर-बिल्डर नाही रे. त्यानं छोटे छोटे प्रोग्रॅमच बनवले होते तिच्यासाठी. हत्तीवर टिचकी मारली की हत्तीची गोष्ट. आवाज त्यातच."

डॉक्टरनं माउस सोडला.

घरी बनवलेले प्रोग्रॅम. ना कंपनीचं नाव, ना शिक्का. अँटिव्हायरसला असल्यांचाच तर पहिला संशय.

भावजी त्या कोठडीत होते.

आणि यानं आत्ताच, आपल्या हातानं...

पुसलेलं परत आणायचे जेवढे उपाय ठाऊक होते तेवढे त्यानं केले. डिस्क नव्या जातीची, पुसलं ते पुसलं. एकदा शोधलं, काही नाही. दुसऱ्या हत्यारानं शोधलं, काही नाही. कपाळावरून घाम टपकायला लागला. "दुसरीकडे कॉपी असेल ना? मोबाइलमध्ये? ऑफिसात?" तो विचारत होता आणि ताई मान हलवत होती. "नाही रे. का? झालं म्हणालास ना?"

"हो हो. झालंच आहे," तो म्हणाला.

काय सांगणार होता? कुठल्या तोंडानं? अरे देवा, एकदाच, फक्त एकदाच मला मागे जाऊ दे, असं तो मनात घोकत राहिला. असा रडकुंडीला आलेला डॉक्टर कुणी पाहिला नसेल.

त्यानं पेन ड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं. मशीननं पासवर्ड घेतला. पडदा उघडला. हत्तीच्या जागी कोरा पांढरा चौकोन होता.

भिंगरीनं पुढे वाकून त्यावर टिचकी मारली.

'फाईल सापडली नाही.'

"बेटा, मामा उद्या..."

श्वास आला.

भरून घेतलेला. या वेळी तुटला नाही.

"एक होता हत्ती..."

आणि थांबला.

ताईनं तोंडावर पदर घेतला आणि हुंदका दिला. तिला वाटलं, भावानं जमवलं. डॉक्टरनं मात्र खाली बघितलं. स्पीकरची वायर जमिनीवर पडली होती. कशालाच लावलेली नव्हती.

"हं," भिंगरी म्हणाली.

"...त्याला एक छोटी मैत्रीण होती."

मध्येच भिंगरीला ठसका लागला. कालपासून पाणी नव्हतं पोटात. ताई तिला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेली. पेला भरला, ती घटाघट प्यायली, तोंड पुसलं. तेवढा वेळ आवाज थांबून राहिला.

रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही.

खोलीत डॉक्टर एकटा. त्याला नुसतं जाणवत होतं, कुणीतरी वाट बघतंय. धीरानं. हुंकाराची. आपल्या तोंडून 'हं' निघू नये म्हणून त्यानं दातांवर दात दाबून धरले.

भिंगरी परत आली, स्टुलावर चढली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण बोलली.

"हं. मग काय झालं, बाबा?"

त्या दिवसापासून पोर बोलायला लागली. आईशी, शेजारणीशी, भिंतींशी. ताईनं भावाला मिठी मारली. "तू माझं लेकरू परत दिलंस रे." हा तिच्या पाठीवर थोपटत राहिला. सांगणार कसं?

पुढच्या आठवड्यात भिंगरीचा दात पडला. संध्याकाळी ताई हसत फोनवर म्हणाली, "अरे, हत्तीच्या मैत्रिणीचा पण दात पडला म्हणे गोष्टीत! ही नवीनच दिसतेय, मी कधी ऐकली नव्हती."

डॉक्टरला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिकडे गेला तेव्हा भिंगरी चित्र रंगवत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "मामा, गोष्टी संपत आल्या."

"कोण म्हणालं?"

"बाबा. एकच उरलीय. पण ती इथे सांगता येत नाही. तिकडे गेल्यावर सांगणार आहेत."

"तिकडे कुठे?"

भिंगरीनं खांदे उडवले आणि निळा खडू शोधायला लागली.

सर्व्हिसिंगच्या नावाखाली त्यानं तो कॉम्प्युटर उचलून दुकानात आणला. बंद केला तर पोर परत मुकी होईल, चालू ठेवला तर... पुढचं त्याला मनातही म्हणवत नव्हतं. ज्याला शिव्या घालून उपटला होता तोच अँटिव्हायरस त्यानं हात जोडून परत टाकला. अक्षरशः हात जोडून. "कोंड बाबा. यावेळी खरंच कोंड. मी हात लावत नाही."

स्कॅन चालू झालं. सगळी डिस्क पालथी घातली.

'कोणताही धोका आढळला नाही.'

त्यानं ताईला फोन लावला, सहज विचारायला. ताई खुशीत होती. "बरं झालं नेलास तो डबा. आता तिला त्याची गरजही नाही. आतल्या खोलीत एकटीच खेळतेय, ऐक तुझ्या भाचीला."

तिनं फोन खोलीच्या दाराशी धरला.

आधी काहीच नाही.

मग भिंगरीचा आवाज. "हं."

...

"हं. येते की."

डॉक्टर दुकान उघडं टाकून पळाला. रस्ताभर तो फोनवर एकच ओरडत होता, "ताई, तिचा हात धर. सोडू नकोस. धर म्हणतो ना!" ताईनं धरला. का, ते तिला आजही सांगितलेलं नाही.

तेव्हापासून तो ताईकडेच राहतो. भिंगरीच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसतो, दुकान दुसऱ्याच्या हवाली केलंय. लोक म्हणतात, बघा, बहिणीवर केवढी माया. माया आहेच. मी भेटायला गेलो तेव्हा हे सगळं त्यानं मला कुजबुजत सांगितलं, एक कान कायम आत लावून. भिंगरी आत बडबडत असली की मध्ये कुठे 'हं' येतं का, ते तो ऐकत राहतो. मध्येच गप्प झाली की तो उठून बघायला जातो.

आम्ही बोलत होतो तेव्हा ती गप्प झाली. तो उठून आत गेला. आतून भिंगरीचं "हं" आलं आणि मागोमाग त्याचं, "माझा हात धर, सोडू नकोस." तो काही बाहेर आला नाही, मग मी चपला घातल्या आणि निघून आलो.