कळ आणि कल

रविवार, १० नोव्हेंबर १९९६, सकाळचे साडेदहा. नारपोलीतल्या एका वाचनालयात शब्द लावायच्या स्पर्धेत कमळ नावाच्या मुलीचा शब्द बाद झाला.

खेळ साधा होता. पुठ्ठ्याच्या चौकोनांवर अक्षरं. क, र, त अशा रोजच्या अक्षरांना एक गुण. 'ळ'ला आठ, कारण त्याच्यावरून शब्द सुरू होत नाही. शब्द लावायचा, मोठ्याने म्हणायचा आणि अर्थ सांगायचा. तिन्ही जमलं तरच गुण.

कमळने 'क' आणि 'ळ' लावले. नऊ गुण, आणि त्यात पहिला नंबर येत होता. तिने तोंड उघडलं आणि नेमकी लाइट गेली. आजूबाजूच्या घराघरांतले यंत्रमाग, सगळे लूम, एकदम थांबले. एरवी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही अशा त्या गल्लीत तिचा आवाज स्वच्छ घुमला.

"कल! दाबली की लूम चालू होतो ती."

सगळे हसले. परीक्षक मात्र हसला नाही. शाळेत मराठी शिकवणारा सुगत, पंचविशीचा, सडपातळ. प्रत्येक शब्द जपून टाकायची त्याला सवय.

"लावलंय 'कळ'. म्हणालात 'कल'. बाद."

"आमच्यात असंच म्हणतात."

"तुमच्यात म्हणजे?"

"आमच्यात म्हणजे आमच्या घरात, आमच्या आलीत. आगऱ्यांत."

"आळीत," तो सवयीने म्हणाला, आणि लगेच त्याचे कान लाल झाले.

कमळ उठली. घरच्या लूमची केसांत अडकलेली सुताची लव झटकत म्हणाली, "सर, माझं नाव कागदावर कमळ आहे. आई कमल म्हणते. मग मी पण बाद का?"

लाइट आली. लूम खडखडायला लागले. त्याचं उत्तर असलंच, तर ते त्यात बुडालं.

पुढच्या रविवारी ती पुस्तक बदलायला गेली, तर तो दारातच उभा होता... बराच वेळ उभा असावा.

"शब्दकोश पाहिला," तो म्हणाला. "'कळ' आलीय 'कला'वरून. म्हणजे आधी ल होता. ळ नंतर झाला."

"म्हणजे आमचंच जुनं! द्या माझे नऊ गुण."

"नियम उच्चाराचा होता."

"शब्दाचं मूल शोधलंत आणि गुण द्यायला हात आखडता?"

"मूल नाही... मूळ."

"असू दे. दोन्ही सांभालावीच लागतात."

तो हसला. तो हसताना डावी भुवई जरा वर जाते, हे कमळच्या त्या दिवशी लक्षात आलं. नको तेवढं लक्षात राहिलं.

मग रविवार ठरून गेले. दापोड्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ती फोन घ्यायची, दिवसभर "गाडी निकल गयी क्या, भैया?" करून तिची जीभ हिंदीला सरावली होती. सुगत तिला ळ शिकवायचा. जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडा.

"वेळ," तो म्हणायचा.

"वेल."

"वेल अंगणात असते."

"मग वेळ कुठे असते? तुमच्याकडे तर कधीच नसते."

"रविवारी असते," तो म्हणाला, आणि पुस्तकात बघत बसला. पान मात्र उलटलं नाही.

एकदा तिनेच विचारलं, "कळ म्हणजे लूमची, ते ठीक. आणखी काय?"

"वेदना. दाढेतून येते ती."

"आणि ल असला तर?"

"कल... म्हणजे झुकणं. मन एका बाजूला जातं ते."

"याला गुण किती?"

"दोनच. ल स्वस्त असतो."

फेब्रुवारीत दोन गोष्टी झाल्या. सुगतला पुण्यात शब्दकोशाच्या कामावर बोलावणं आलं. आणि कमळला अंबाडी गावचं स्थळ आलं. वडील केसरीनाथ जेवता जेवता म्हणाले, "पोरगा बरा हाय, जमीन हाय. पन तुजा कल काय, त्यो सांग. मी जबरदस्ती करनार न्हाय."

ती म्हणाली, "सोमवारी सांगते, बाबा."

वडिलांना सांगायचं तर आधी सुगतच्या तोंडून ऐकायला हवं होतं. तो काही बोलला नव्हता. तो बौद्ध, ती आगरी. हे दोघांना माहीत होतं आणि दोघांनी कधी उच्चारलं नव्हतं. आणि सोमवारीच तो पुण्याला निघणार होता.

त्या रविवारी वाचनालयात तिने अक्षरांचा डबा उघडला आणि त्याच्यासमोर दोन चौकोन ठेवले. क. ल.

"दोन गुण," तो म्हणाला.

"गुण नकोत. लावलाय मी, म्हणायचा तुम्ही. मोठ्याने. आणि अर्थही सांगायचा. नाहीतर बाद."

तो मान खाली घालूनच म्हणाला, "तुमच्या घरी माझं नाव विचारतील. मग आडनाव. मग—"

"ते मी बघते. शब्द बघा तुम्ही."

त्याचे ओठ हलले. बाहेर लूम खडखडत होते.

"ऐकू आलं नाही."

"मना..." तो थांबला. मग वाचनालयातल्या चार टेबलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, तिच्याच बोलीत म्हणाला, "मना कललं, कमले. माजा कल तुज्याकं हाय!"

पेपर वाचणाऱ्या एका आजोबांनी चष्म्यावरून बघितलं.

कमळचे डोळे भरून आले, हसूही आवरेना. तिने जीभ वळवली, टाळूला टेकवली, सोडली.

"मलाही... कळलं," ती म्हणाली. ळ अगदी स्वच्छ आला.

सोमवारी सकाळी तिने वडिलांना सांगितलं. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. केसरीनाथांनी हात लांब करून लूमची कळ दाबली, लूम थांबला. बराच वेळ ते अर्धवट विणलेल्या कापडावर हात फिरवत राहिले.

"मास्तर हाय न्हवं? बोलतो कसा?"

"आपल्यासारखं," ती म्हणाली. "थोडं चुकतं."

"आन त्याला हितं. ऐकू दे."

येत्या रविवारी सुगत पुण्याहून नारपोलीला यायचा आहे. अंबाडीला अजून निरोप गेलेला नाही. होकाराचा नाही, नकाराचाही नाही.