उतार ओलांडला की शहर

"जाळलं, तर राख कुठे आहे?"

त्या पत्रात एवढंच वाक्य होतं, आणि खाली सही. सही करणारी बाई म्हाताऱ्याची कॉलेजातली वर्गमैत्रीण. नकाशे काढण्यात तिने हयात घालवली होती. वाळवंटातलं जुनं व्यापारी शहर शत्रूने जाळून टाकलं, असं म्हाताऱ्याने आपल्या एकुलत्या एका पुस्तकात लिहिलं होतं, त्यावर तिचा हा प्रश्न होता.

म्हाताऱ्याने उत्तराचे कितीतरी मसुदे केले आणि फाडले. ग्रंथालयात आयुष्य काढलेला हा लाजाळू माणूस. लोक त्याला 'कोशकाका' म्हणत. कुणी शब्दाचा अर्थ विचारला, तर त्यालाही तो आधी 'बहुतेक' लावायचा. आधीच्या विद्वानांनी शहर जळलं असं लिहिलं, म्हणून त्यानेही लिहिलं. राख कुणी पाहिली होती? पत्र टेबलाच्या काचेखाली सरकलं, आणि वर्षानुवर्षं त्या काचेवर चहाच्या कपांची वर्तुळं उमटत राहिली.

एक दिवस पुतणी आली. जुन्या काळी पाऊसपाणी कसं होतं, हे मातीच्या थरांवरून ओळखणं हे तिचं काम.

"काका, वाळवंटात चाललेय. तुझ्या शहराच्याच बाजूला. येतोस?"

"मी? अगं, जिना चढताना मला धाप लागते."

"तिथे जिना नाहीये."

काका हसला. मग त्याची नजर काचेखाली गेली. मैत्रीण आता थकली होती, तिचे डोळे अधू झाले होते. तिला उत्तर द्यायचं, तर फार दिवस उरले नव्हते. काकाने कपाटावरची धूळ खाल्लेली बॅग खाली काढली!

तिसरा सोबती उंटवाला. उंटांशी आणि माणसांशी तो एकाच सुरात भांडायचा.

शहराचा ठावठिकाणा सांगणारी एकच ओळ हाताशी होती. जुन्या व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनात लिहिलं होतं, 'उतार ओलांडला की शहर.' वाळवंटाच्या उत्तरेला उघडेबोडके डोंगर होते. उतार म्हणजे डोंगराचाच उतार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. तिघे त्या डोंगरांच्या पायथ्याने हिंडले. सकाळच्या तिरप्या उन्हात वाळूवर वाऱ्याच्या बारीक लाटा दिसत, आणि वाळलेली झुडपं आपल्याच सावलीला बिलगून उभी असत. घराची वीट मात्र कुठे दिसेना.

"आजोबा, तुमचं शहर रुसून बसलंय," उंटवाला म्हणाला.

त्याच दुपारी क्षितिज पिवळं झालं.

"खाली बसा! उंटाच्या आडोशाला!"

वारा भिंतीसारखा आदळला. तोंडात वाळू. डोळ्यांत वाळू! पाण्याचे कॅन लादलेला उंट बिथरला. उंटवाल्याने दावं धरलं. दावं तुटलं! उंट उधळला, ओझं घसरलं, आणि कॅन खडकावर आपटून फुटले.

वादळ सरलं तेव्हा एक कॅन शिल्लक होता. डोंगराखालच्या झऱ्यावर उंटवाल्याची भिस्त होती. तो आटलेला निघाला.

"आता परत," उंटवाला म्हणाला. त्याचा भांडखोर सूर कुठच्या कुठे गेला होता. "सरळ सपाटीवरून. कुठेही न थांबता निघालो, तर कसंबसं पुरेल."

उंटाशेजारून काका पाय ओढत चालत होता. काचेखालचं ते पत्र काही डोळ्यांपुढून हलेना. राख सापडली नव्हती, पण राख नाही असंही म्हणता येत नव्हतं. आता आणखी एक मसुदा फाडायचा!

"या टापूला काय म्हणतात हो?" त्याने सवयीने विचारलं.

"उतार."

"काय?"

"उतार म्हणतात, आजोबा. आमचे आजे-पणजे म्हणत आलेत. जमीन तळहातासारखी सपाट, आणि नाव उतार! ज्याने ठेवलं, त्याला ऊन लागलं असणार."

काका जागच्या जागी थांबला. उंट थांबला नाही, आणि दावं काकाच्या हातात होतं. काका तोंडावर पडता पडता वाचला.

"चढ-उतारातला उतार," तो पुटपुटला. "तापाचा उतार. आणि... अगं, नदीचा उतार! जिथून नदी पायी पार करता येते, ती जागा!"

"काका, नदी कुठाय इथे?"

"आता नाही! तेव्हा होती! डोंगराचा उतार कुणी ओलांडतं का? तो चढतात, उतरतात. ओलांडतात ती नदी!"

उंटवाल्याने कॅन हलवून दाखवला. तो खुळखुळला. "इथे थांबलो आणि पाणी लागलं नाही, तर पुढे पोचायचं विसरा."

पुतणीने काकाकडे पाहिलं. "नक्की?"

'बहुतेक' हा शब्द जिभेवर आला होता. काकाने तो गिळला.

"नक्की!"

पुतणी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. खाली गोटे लागले, अंड्यासारखे गुळगुळीत. "हे वाहत्या पाण्यात घासले गेलेत!" ती ओरडली. मग तिला ते दिसलं. पुढे काही अंतरावर झुडपांची एक वाकडी रांग गेली होती. नदीचं वळण! "वळणाच्या बाहेरच्या काठाला पात्र खोल असतं. तिथे खणू!"

फावडं चाललं. कोरडी वाळू. आणखी कोरडी. काकाने दोनदा हात लावला आणि उंटवाल्याने दोनदा त्याला बाजूला बसवलं. कडा ढासळली, पुन्हा खणलं. मग फावड्याला चिकटून आली काळपट, थंड, ओली वाळू!

खड्ड्याच्या तळाशी हळूहळू पाणी झिरपू लागलं. गढूळ, मचूळ पाणी! उपरण्यातून गाळून पहिला घोट उंटवाल्याने काकाला दिला.

"घ्या आजोबा. तुमच्या शब्दाला पाणी लागलं."

मग तिघांनी कोरडं पात्र ओलांडलं, आणि पलीकडच्या काठावर, झुडपांच्या आड, वाळूतून जेमतेम डोकं काढून, शहर उभं होतं!

काकाने आधी राख शोधली. भिंतींच्या बुडाशी खरवडलं, कोपरे उकरले. एकही दगड काळवंडलेला नव्हता. दारांच्या जागी खाचा रिकाम्या होत्या, पण मोडतोड नव्हती. दारं सावकाश काढून नेलेली होती. चौकातल्या विहिरीत तिघांनी वाकून पाहिलं. वर सुबक, घडीव दगड. त्याखाली ओबडधोबड धोंडे. सगळ्यात खाली बांधकामच नव्हतं, घाईने खरवडलेली नुसती माती.

"पाणी खाली जात राहिलं आणि माणसं त्याच्या मागे," पुतणी म्हणाली. "डोंगरावर बर्फ पडेनासं झालं असेल. नदी आटत गेली. मग काफिल्यांनी दुसरी वाट धरली. कोरड्या गावात मुक्काम कोण करणार?"

"म्हणजे शत्रू आलाच नाही?" उंटवाल्याचा विरस झाला. "मी घरी जाऊन लढाई सांगणार होतो!"

काका एका घरात शिरला. कोपऱ्यात एक मोठा रांजण पालथा घातलेला होता. शेजारच्या घरातही तसाच. त्याच्या पलीकडच्याही.

उंटवाल्याने एकाला हात घातला. "हा नेतो. बायको खूश होईल."

"राहू दे," काका म्हणाला. "आत धूळ जाऊ नये म्हणून पालथा घातलाय. त्यांना परत यायचं होतं."

उंटवाल्याने हात मागे घेतला.

पुतणीला अजून खणायचं होतं, खूप खणायचं होतं. पण खड्ड्यातलं झिरपणं मंदावलं होतं. तिने उसासा टाकून फावडं बांधलं. भरला तेवढा कॅन भरून घेऊन तिघे निघाले.

घरी आल्यावर काकाने टेबलाची काच उचलली. या वेळी मसुदा केला नाही.

'राख नाही. आधी नदी गेली, मग माणसं. रांजण पालथे घालून गेली आहेत. उत्तराला उशीर झाला.'

रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सरकवून तो फटीतून आत डोकावत राहिला. पेटी उघडायला आलेला पोस्टमन मागे खोळंबला.

"गेलं, आजोबा. आत पडलं."

"नक्की?"

पोस्टमन हसला. "बहुतेक," म्हणाला, आणि त्याने किल्ली फिरवली.