वर कोणीतरी चालतंय

गुडघ्याची वाटी सरकली तेव्हापासून हवालदारांची गस्त सुटली आणि कानाला फोन लागला. हरवलेलं पाकीट, शेजाऱ्याचं भुंकणारं कुत्रं, दारात लावून ठेवलेली कुणाची तरी गाडी, असल्या तक्रारी त्यांनी चौकीच्या मागच्या खोलीत बसून फोनवरच मिटवायच्या, म्हणजे गस्तीच्या गाड्या खऱ्या संकटाला मोकळ्या राहतात. माणूस गोडबोल्या. निम्म्या तक्रारी नुसत्या ऐकून घेतल्या तरी निवळतात, असं ते बायकोला सांगायचे.

एका आजींचा फोन रोज दुपारची जेवणं उरकली की यायचा. आवाज दबका, तोंडावर पदर धरून बोलावं तसा. वर कोणीतरी चालतंय, खुर्च्या ओढतंय, पोरं उड्या मारतायत, डोळ्याला डोळा लागत नाही. हवालदार म्हणाले, वरच्यांशी बोलून बघा. ती म्हणाली, हाका मारते, पण त्यांना ऐकूच जात नाही. मग कानात कापूस घाला आजी, असं म्हणून त्यांनी तिला हसवायला बघितलं.

"हात वर जात नाहीत हो," ती म्हणाली.

संधिवात असेल, असं त्यांना वाटलं. महिनाभर हे असंच चाललं.

मग एके दिवशी तिला बोलताना धाप लागत होती. सकाळी वर काहीतरी जड आणून ठेवलंय, छातीवर दाब येतोय, म्हणाली. हवालदारांना राहवेना. पत्ता विचारून त्यांनी आपल्या जुन्या जोडीदाराला गाडी घेऊन पाठवलं आणि आजींना फोनवरच थांबवून ठेवलं.

थोड्या वेळानं जोडीदाराचा मोबाइलवर फोन आला. हवालदारांनी तो दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, बैठं घर आहे हे. वर नुसतं छप्पर. नवराबायको आणि दोन पोरं राहतात, म्हातारं कुणी नाही. आजच नवीन कपाट आणलंय, त्याची लावालाव चाललीय."

"आता कोणी बूट घालून आलंय..." आजी कुजबुजली.

हवालदारांनी जोडीदाराला दोनदा पाय आपटायला सांगितलं. मोबाइलमधून दोन ठोके आले. तेच ठोके आजींच्या फोनमधूनही आले, पण जड, डोक्यावरून पडल्यासारखे. मागोमाग माती झरल्याचा आवाज आला.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "आता तरी पटलं?"

कपाट हलवून फरशी उखडली. पुरुषभर खाली एका बाईची हाडं निघाली, फार जुनी. भाडेकरूंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि घरमालक कधीच मरून गेला होता. खड्ड्यात फोन नव्हता, साधी वायरसुद्धा नव्हती. हवालदार लंगडत तिथं गेले, हाडं स्मशानात नेऊन नीट पुरली, खड्डा बुजवून घेतला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, फोन वाजला.

"उपकार झाले साहेब. वर आता अगदी शांत आहे."

हवालदारांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"पण आता खालून ठोकतायत..." ती म्हणाली. "बरेच जण आहेत. उघडू का?"

ते नको म्हणायच्या आत पलीकडे कडी सरकली.